कादर मिस्तरीच्या खिळ्यावरचं सील

मी बोलतोय, पण जरा जवळ या. माझं तोंड फाटलेलं आहे, त्यामुळे लांबून नीट ऐकू येणार नाही. पुसेगावच्या रस्त्याला कादर मिस्तरीचं गॅरेज आहे. आत शिरलं की समोर पाने लटकवायची फळी दिसते. त्या फळीच्या कडेच्या खिळ्यावर बांगडीएवढं एक काळं, वाकडं कडं आहे. ते कडं म्हणजे मी, जीपच्या मागच्या एक्सलमधलं ऑइल सील.

हसू नका. इंजिनाचं कौतुक सगळे करतात, टायरलासुद्धा लोक हार घालतात. माझं नाव मात्र गाडीखाली तेल दिसल्याशिवाय कोणी घेत नाही, आणि घेतलं तरी शिवी देऊनच घेतात.

माझं काम सांगतो. दोन्ही मागच्या चाकांमध्ये एक लोखंडी नळी असते. तिच्यात गिअरचं तेल असतं, सडक्या अंड्यासारख्या वासाचं. त्या तेलातून एक दांडा फिरत फिरत चाकापर्यंत जातो. दांड्याच्या अंगाला धरून बाहेर पळायचं, हा तेलाचा जन्माचा डाव. ते बाहेर आलं की थेट ब्रेकच्या लायनरवर जातं, आणि तेलकट लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला धरत नाही, घसरतो. म्हणून मी नळीच्या तोंडाशी बसतो आणि रबराच्या ओठानं दांडा आवळून धरतो. दांडा फिरला पाहिजे आणि तेल सुटता कामा नये. उन्हात, चिखलात, दगडगोट्यांत हेच करायचं.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. जन्मच दाबादाबीत झाला. पत्र्याचं कडं ठोकून काढलं, त्यात उकळतं रबर कोंबलं, वरून दाबलं आणि गळ्याभोवती स्प्रिंग आवळली. अशा जन्मातून निघालेला कोण गोड बोलेल?

तिथून मी हिंगोलीच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात आलो. तेव्हा हिंगोलीचा जिल्हा झालेला नव्हता, कलेक्टर परभणीत बसायचा. एका दुपारी दोन माणसं दुकानात आली. एक कादर मिस्तरी, अंगानं बारीक, बोलायला कमी. दुसरा लालसिंग, पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. त्यानं बैलजोडी विकून मिलिटरीतून निघालेली जुनी जीप घेतली होती. तांड्याला रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीही रुतायची, पण जीप चारही चाकांनी चिखल तुडवत बाहेर पडायची. पोट दुखणारी बाई असो की बियाण्याची पोती, सगळं तीच नेई.

कादरनं जीपचा दांडाच सोबत आणला होता. दुकानदारानं आधी दुसरं एक सील पुढं केलं, चकचकीत आणि जाड.

"हेच घेऊ," लालसिंग म्हणाला. "बघ की, कसं दणकट हाय."

"दणकट असून काय करतो? दांड्याला ढिलं हाय," कादर म्हणाला. त्यानं ते दांड्यावर चढवलं आणि उजेडाकडे धरलं. कडेनं केसाएवढी फट दिसत होती. मग त्यानं मला उचललं. नखानं माझा ओठ दाबून पाहिला, स्प्रिंग जागेवर आहे का ते चाचपलं, दांड्यावर सरकवून फिरवलं. जुन्या सीलनं घासून दांड्यावर एक चरी पाडली होती. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्या चरीवर ह्याला बसवायचं न्हाई. जरासं अलीकडं ठेवू. कोऱ्या जागेवर बराबर आवळंल."

मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं. कादरही बोलला नाही. पण त्याच्या बोटांनी मला जे मानलं ते मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर, लालसिंगच्या गोठ्यासमोर काम झालं. जीप गोठ्यातच उभी असायची, जिथं पूर्वी बैल बांधत तिथंच. कादरनं मागची दोन्ही चाकं काढली. जुनं सील छन्नी घालून उपटलं. त्याचे तुकडे निघाले, ते पाहून मला धडकी भरली. मग त्यानं दोरीला फडकं बांधून नळीच्या आतून ओढलं आणि गाळाचा कणही ठेवला नाही. माझ्या ओठाला तेल लावलं, तो तेलाच्या बाजूला केला, पाठीवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडीनं गोल गोल, चारी बाजूंनी सारखा ठोकत मला आत नेलं. प्रत्येक ठोका बसत होता, पण एकही लागत नव्हता. दांडा आत घालताना त्यानं तो दोन्ही हातांवर तोलून धरला, माझ्या ओठावर टेकूसुद्धा दिला नाही. माझ्या जोडीदाराला पलीकडच्या बाजूला असंच बसवलं. दोन्हीकडे नवे लायनर लावले. आता ड्रम आणि चाकं चढवायची तेवढी राहिली होती. कादर हातपाय धुऊन नमाज पढायला विहिरीकडे गेला.

तेवढ्यात रुख्मिणीबाई आली. ही लालसिंगची आई. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि कादरही तिला याडीच म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पोळा होता, म्हणजे आज खांदमळणी. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलवटतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांना हळद आणि तूप चोळतात. याडीनं लहानपणापासून एकही खांदमळणी चुकवली नव्हती. बैल विकले तेव्हा ती खूप रडली होती. मग तिनं मनाशी ठरवून टाकलं की आता हीच आपली जनावरं.

जीप मागच्या चाकांविना उभी होती आणि ड्रम उतरवलेले होते. आतले ते अर्धगोल लायनर तिला खांद्यासारखेच वाटले असणार. तिनं वाटीतलं हळद घातलेलं तूप घेतलं आणि दोन्हीकडच्या लायनरांना चांगलं मुरेपर्यंत चोळलं. पळसाच्या पानानं शेकलं.

"आज आवतन घे गं माय, उद्या जेवायला ये," ती म्हणाली. बैलांना म्हणतात तसंच.

लालसिंग आला, हसला. "याडी, तिला खांदे न्हाईत."

"काहून न्हाईत? वजन तर तीच ओढून राहिली."

तो पुन्हा हसला. त्याला घाई होती, दुपारी गाडी धुऊन सजवायची होती. ड्रम चढवणं त्यालाही येत होतं. त्यानं ते चढवले, चाकं लावली, नट आवळले. कादर विहिरीवरून आला तेव्हा काम झालेलं होतं. त्यानं नट तेवढे तपासले. सपाट जागेवर गाडी पुढं-मागं करून ब्रेक दाबला. ब्रेक लागला. तूप तेव्हा लायनरच्या पोटात थंड बसून होतं.

मी आतून ओरडत होतो. कोणाला ऐकू जाणार?

पोळ्याच्या दिवशी तांड्याचे बैल सजून गावाकडे निघाले. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. सगळ्यांत पुढं लालसिंगचा थोरला भाऊ अमरसिंग त्याच्या पवळ्याची वेसण धरून चालला होता. पवळ्या म्हणजे त्याचा जीव. अमरसिंग स्वतः एक वेळ उपाशी राहील, पण पवळ्याची पेंड चुकवायचा नाही. आणि सगळ्यांच्या मागं हार घातलेली आमची जीप.

गावात शिरताना मारुतीच्या देवळाकडे मोठा उतार आहे. बैलांच्या पावलानं उतरायचं म्हणून लालसिंगनं ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी सोडली. ड्रम तापत गेला. तापल्यावर तूप सुटलं. मला शेजारीच कळलं, साजूक तुपाचा वास आणि मग जळका वास. जीप एकदम मोकळी झाली. पुढचे ब्रेक नावालाच होते. लालसिंगनं पायडल मारलं, पुन्हा मारलं, हँडब्रेक ओढला, हॉर्न वाजवला. ढोल-ताशात तो हॉर्न कोणी ऐकला नाही.

माणसं बाजूला उडाली. पवळ्याला उडता आलं नाही. जीपचं नाक त्याच्या मागच्या पायांवर आदळलं, हाडं फुटल्याचा आवाज थेट एक्सलपर्यंत आला. तो खाली गेला आणि गाडी त्याला रेटत देवळाच्या ओट्याला धडकली. अमरसिंगचा पाय ओटा आणि बंपर यांच्या मध्ये सापडला. पवळ्या बाशिंग बांधलेलं डोकं आपटत होता. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि कोणी तरी अजूनही ताशा वाजवतच होतं. मग ताशा थांबला. नंतर पवळ्याही थांबला.

"ब्रेक लागला न्हाई!" लालसिंग ओरडत होता. "दाबून राहिलो तरी लागला न्हाई!"

अमरसिंगला चौघांनी धरलं होतं. नडगीतून हाड दिसत होतं, पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. "ब्रेकचं काम कोणी केलं?"

"कादरनं."

"बोलवा त्याला."

गाडी ट्रॅक्टरला बांधून तांड्यावर नेली. कादरला निरोप गेला. तो यायच्या आत लालसिंगनं एकट्यानं चाक काढलं. मी ते सगळं पाहिलं. ड्रम निघाला आणि लायनरवर पिवळा, चिकट थर दिसला. लालसिंगला सगळं कळलं. आईचं तूप, आपलं हसणं, आपण घाईनं चढवलेले ड्रम.

मग त्यानं फडक्यावर पेट्रोल घेतलं आणि दोन्हीकडचा पिवळेपणा पुसला. इथवर मी त्याला माफ केलं असतं. म्हातारीनं हौसेनं केलं होतं. पोळ्याला तिच्या हातून बैल मेला हे तिला कळू नये, असं लेकराला वाटलं तर त्यात पाप नाही.

पण त्यानं दांडाही उपसला. पेचकस घेतला आणि माझ्या ओठात खुपसला. एकदा, मग पुन्हा. रबर फाटलं, स्प्रिंग निसटली. त्यानं दांडा परत आत सारला आणि तेल माझ्या फाटक्या तोंडातून लायनरवर वाहू लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गळत होतो. आईसाठी तूप पुसणं पुरेसं होतं, लालसिंग. मला फाडलंस ते स्वतःसाठी.

कादर सायकल हाणत आला तेव्हा सगळा तांडा जमला होता. ड्रम उघडला. तेलाचा वास सुटला. "बघा, सील गळलं!" कोणी तरी म्हणालं. कादरचा विश्वास बसेना. त्यानं दांडा काढला, मला छन्नीनं उचकटून बाहेर घेतलं आणि उजव्या तळव्यावर ठेवून पाहिलं. घासून झिजलेलं रबर कसं दिसतं आणि चिरलेलं कसं दिसतं, ते त्याला न सांगता कळत होतं. त्यानं मान वर करून लालसिंगकडे पाहिलं. तोंड उघडलं.

तेवढ्यात अमरसिंग बाजेवरून एका पायावर उठला. पायाला फडकं गुंडाळलेलं, हातात मोठा हातोडा.

"याच हातानं बसवलं ना?"

दोघांनी कादरचं मनगट धरून दगडावर दाबलं. कादरनं मला सोडलं नाही. मूठ तशीच मिटलेली होती आणि मी आत होतो. हातोडा आला. माझं पोलादी कडं वाकलं, त्याच्या तळव्यात घुसलं आणि बोटांची हाडं माझ्याभोवती कडाकडा मोडली. अमरसिंगनं पुन्हा हातोडा उचलला तेव्हा लोकांनीच त्याला मागं ओढलं. कादरचं रक्त माझ्या फाटक्या ओठात शिरलं. माझं काम आत ठेवायचं, बाहेर सांडू द्यायचं नाही. त्या दिवशी मी काहीच आत ठेवू शकलो नाही.

लालसिंग तिथंच उभा होता. एक शब्द बोलला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या मुठीत राहून पाहिली.

गर्दी फुटली तेव्हा रुख्मिणीबाई रडत धावत आली. हातात वाटी होती. "मेल्यांनो, माणूस हाय ते!" म्हणत तिनं कादरच्या हाताला हळद आणि तूप लावायला घेतलं. कादर वेदनेनं अर्धमेला झाला होता. पण तो वास त्याच्या नाकात गेला आणि त्याचे डोळे उघडले.

"याडी," तो हळूच म्हणाला, "काल गाडीला काय लावलं होतं?"

"खांद मळली की रे बाबा. तू बसवलेल्या त्या गाडीच्या नव्या खांद्यांना. काहून?"

कादरनं लालसिंगकडे पाहिलं. लालसिंगची मान खाली होती. "काही न्हाई याडी," कादर म्हणाला. "चांगलं केलंस."

दवाखान्यात मला तळव्यातून काढलं. कादरची बायको जुलेखा हट्ट धरून बसली, पोलिसात चला, सगळं सांगा. कादर म्हणाला, "सांगितलं तर म्हातारीला कळंल पोळ्याचा बैल तिच्या हातानं मेला. ती जगंल का? तिनं मला लेकरावानी भाकर दिली. ती हाय तवर न्हाई." जुलेखा मला उकिरड्यावर फेकायला निघाली, तेव्हा त्यानं मागून घेतलं आणि या खिळ्यावर अडकवलं.

हात बरा झाला, पण बोटं मिटेनात. कादरच्या नावाचंही तसंच झालं. पुसेगाव, सेनगाव, नरसीपर्यंत बोललं जाऊ लागलं, कादरचं सील फाटतं. ब्रेकचं, एक्सलचं काम घेऊन कोणी येईना. पंक्चर काढायला आणि ग्रीस मारायला तेवढे यायचे.

मग लालसिंग येऊ लागला. बोलावल्याशिवाय. त्यानं जीप विकून टाकली होती. सकाळी यायचा आणि दोन हात लागतील ते काम करायचा. कादर त्याला ये म्हणाला नाही, जाही म्हणाला नाही. दोघांत बोलणं एवढंच: "सोळाचा पाना." "जॅक घे." "आवळ." लोक म्हणायचे, काय दिलदार माणूस आहे हा लालसिंग, ज्याच्या कामानं बैल मेला त्याचीच चाकरी करतो. कादर ऐकायचा आणि गप्प राहायचा. लालसिंगही ऐकायचा आणि गप्प राहायचा. मी खिळ्यावर बसून दात ओठ खायचो. ओठ होता तेवढा.

अशी बरीच वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला, तांड्याला खडीचा रस्ता झाला. रुख्मिणीबाई थकली आणि एका हिवाळ्यात गेली. दिवसपाणी झाल्यावर लालसिंग डोकं भादरलेला तसाच गॅरेजवर आला. त्याच सकाळी अमरसिंगही आला, एका पायानं लंगडत. त्यानंही जुनी जीप घेतली होती आणि तिच्या मागच्या चाकातून तेल गळत होतं.

लालसिंगनं चाक, ड्रम आणि दांडा काढला. सील बसवायला कादर उठला तसा अमरसिंग म्हणाला, "तू राहू दे. लालसिंग बसवंल. तुझं सील फाटतं."

हे वाक्य कादरनं हजार वेळा ऐकलं असेल. तो परत खाली बसला. पण लालसिंगच्या हातातला पाना पडला.

"सील फाटलं न्हाई भाऊ," तो म्हणाला. "मी फाडलं. पेचकस घालून."

त्यानं सगळं सांगितलं. तूप, ड्रम, पेट्रोलचं फडकं, पेचकस. "याडीला वाचवाया केलं," असं म्हणाला, मग थांबला आणि म्हणाला, "न्हाई. म्याच भ्यालो तुला."

अमरसिंगला दुसरी भाषाच येत नव्हती. त्यानं लालसिंगच्या थोबाडीत मारली, तो पडला तशी लाथ घातली, मानगूट धरून ऐरणीपर्यंत ओढत आणला. नाकातून रक्त गळत होतं. लालसिंगनं सुटायची धडपड केली नाही, हात स्वतःच ऐरणीवर पालथा ठेवला. अमरसिंगनं हातोडा उचलला. "कादरभाई, तू फकस्त व्हय म्हण."

मी खोटं कशाला बोलू? मी खिळ्यावरून ओरडत होतो, मार! फोड! त्या हातानं मला फाडलंय!

कादर उठून जवळ आला. त्यानं लालसिंगच्या हाताकडे पाहिलं. त्याच्याही मनात आलं होतं. त्याचा जबडा आवळलेला मला दिसत होता.

"ह्याचा हात तू फोडशील," तो म्हणाला. "मग तुझा कोण फोडंल?"

अमरसिंगचा हातोडा वरच राहिला. मग तो हळूहळू खाली आला आणि त्याचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना. एवढा मोठा माणूस ऐरणीला धरून खाली बसला.

"बसू नको," कादर म्हणाला. "गाडी उघडी पडली हाय. सील बसवायचंय, मला एकट्याला व्हत न्हाई. लालसिंग, ठोकळा धर. अमरसिंग, ती बारकी हातोडी घे."

"मी?"

"तूच. हळू मारता येतं का तुला?"

नवं सील कादरनं डाव्या हातानं चाचपून नळीच्या तोंडाशी लावलं. लालसिंगनं त्यावर ठोकळा धरला, नाकातलं रक्त तसंच ओठावर वाळत होतं. त्याची बोटं अमरसिंगच्या हातोडीखाली होती. कादर आपला मोडका हात फिरवून ठोका कुठं द्यायचा ते दाखवत होता. इथं. आता समोर. आता इकडं. हळू.

मंडळी, मला निरोप द्या. मी आता कोणत्याच दांड्याला आवळणार नाही, आणि रागही पूर्वीसारखा टिकत नाही. एवढंच मागतो, गाडी घसरली तर हातोडा उचलण्याआधी ड्रम उघडा आणि वाकून वास घ्या. तेवढ्या वेळात एक हात वाचतो.

त्या दिवशी सील सरळ बसलं. अमरसिंगनं हातोडी खाली ठेवली, खिळ्यावरून मला काढलं, उजेडात धरून माझा चिरलेला ओठ पाहिला.

"चांगलं होतं रे हे, कादरभाई," तो म्हणाला. न मिटणारा उजवा हात कादरनं पुढं केला, आणि अमरसिंगनं मला त्या तळव्यावर ठेवलं.